दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला माणूस

सकाळी सातची सांगली–सातारा गाडी आठवली की मला अजून पेंग येते. गाडीला नावं ठेवायची म्हणून सांगत नाही. ती पेंग फार सुखाची होती. ड्रायव्हरच्या डाव्या अंगाला इंजिनाचं बॉनेट, त्यावर रेक्झिनची फाटकी गादी, आणि थंडीच्या दिवसांत खालून येणारी ऊब. मी सांगलीत चढायचो आणि इस्लामपुरात शाळेसाठी उतरायचो. मधला तासभर मी ना धड जागा असायचो, ना झोपलेला. आष्ट्याच्या आसपास दोन्ही बाजूंना ऊस, उसावर धुकं, कुठंतरी पाचट पेटवल्याचा वास, आणि अर्धवट मिटल्या डोळ्यांना दिसणारी एका माणसाची एकच बाजू: एक कान, अर्धी मिशी आणि गिअरच्या दांड्यावर ठेवलेला डावा हात. त्या हाताची करंगळी पार बाहेरच्या बाजूला वळलेली होती.

ते गौतम कांबळे. डेपोत, मैदानावर, घरी, सगळीकडे आण्णा. मीही आण्णाच म्हणायचो, वयाने ते माझ्यापेक्षा फार तर चार-पाच वर्षांनी मोठे असतील. नव्वद साल उलटून गेलं होतं, घराघरात केबल येत होती आणि पोरंटोरं क्रिकेटशिवाय दुसरं बोलत नव्हती. अशा दिवसांत एसटीचे ड्रायव्हर असलेले आण्णा सांगली जिल्ह्याकडून बेसबॉल खेळायचे.

बेसबॉल म्हटलं की लोक विचारायचे, "मंजी क्रिकेटच की?"

"व्हय, तसलंच कायतरी," आण्णा म्हणायचे आणि गिअर बदलायचे. वाद घालणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. मी मात्र गणिताचा मास्तर. मला अर्धवट कळलेलं सोसत नाही. एकदा इस्लामपूरच्या स्टँडवर गाडी दहा मिनिटं थांबली तेव्हा मी त्यांना धरलंच. त्यांनी खिशातून भाजक्या शेंगा काढल्या आणि बॉनेटवर चौकोन मांडला. ही होम, इथून बॅटवाला मारणार. ही पहिली बेस, ही दुसरी, ही तिसरी. प्रत्येक शेंगेपाशी एक माणूस राखणीला. मग दुसऱ्या आणि तिसऱ्या शेंगेच्या मधल्या मोकळ्या जागेवर त्यांनी ते वाकडं बोट ठेवलं.

"हितं मी. शॉर्टस्टॉप."

"पण इथं तर बेसच नाही."

"न्हाई की. तितं काय न्हाई, म्हणून तर तितं माणूस लागतोय."

एवढं बोलून त्यांनी दुसरी बेस सोलून तोंडात टाकली, तिसरी मला दिली आणि गाडी सुरू केली. त्या दिवशी वर्गात समीकरणं शिकवताना माझ्या डोळ्यांसमोर ती बॉनेटवरची मोकळी जागाच येत राहिली. पोरांनी दोनदा चूक दाखवली फळ्यावरची.

आण्णा त्या जागेवर कसे आले, हे त्यांनी मला तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. एक तुकडा आष्ट्याला, एक तुकडा पुढच्या आठवड्यात. गावच्या शाळेत खेळाचे एक शिक्षक आले, त्यांनी कुठूनतरी एक बॅट, दोन चेंडू आणि एकच ग्लोव्ह आणला. मैदान म्हणजे उसाचं मोडलेलं रान. चेंडू दगडासारखा टणक आणि ढेकळावर आपटून कुठं उसळेल याचा नेम नाही. सगळ्यांत जास्त मार त्या मधल्या जागेवर बसायचा. पाटलांची, देशमुखांची पोरं काही तिथं उभी राहीनात. मग बौद्धवाड्यातल्या पोराला बोलावलं.

"लागंल तितं मला उबं केलं, मास्तर. बाकीची जागा भरल्याली हुती." हे सांगताना त्यांचा आवाज अजिबात बदलला नाही. "पयल्या म्हयन्यात नडगी सुजून भोपळा झाली. मग एक गोष्ट ध्यानात आली. बॉल आपल्याकडं येऊस्तोवर थांबलं की लागतोय. आपुन त्येच्याकडं गेलं की लागत न्हाई."

त्यांचं सगळं तत्त्वज्ञान एवढंच. चेंडूकडे जायचं. स्टँडवर गाडी उभी राहिली की सीटखालून ते खाकी कापडात बांधलेला ग्लोव्ह काढायचे. ग्लोव्हच्या पोटात चेंडू आणि वरून सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळलेली, म्हणजे चामड्याला खोलगट आकार राहतो. खोबरेल तेलाने तो इतका मऊ केलेला की हातात घेतला तर लहान मुलाचा हात धरल्यासारखं वाटायचं. स्टँडमागच्या भिंतीवर दाणदाण चेंडू मारायचा आणि परत येणारा उचलायचा. प्रवासी चहा विसरून बघत राहायचे. आमचे कंडक्टर शेडगे मात्र वैतागायचे. "आवं आण्णा, भित्त पडंल एक दिस! येळ झाली, चला."

करंगळीचा किस्सा शेडगेंनीच सांगितला. सोलापूरच्या सामन्यात चेंडू बोटाच्या टोकावर बसला आणि करंगळी मागे वळली. आण्णांनी ती ओढून सरळ केली, शेजारच्या बोटाला चिकटपट्टीने बांधली आणि सामना पुरा केला. दुसऱ्या दिवशी ड्युटीवर हजर. पंधरा दिवस त्यांनी तसंच गिअर टाकलं आणि बोट वाकडंच जुळलं. डॉक्टर म्हणाले, परत मोडून नीट करू. आण्णा म्हणाले, राहू द्या, ग्लोव्हमध्ये आता नीट बसतंय.

मी त्या खेळात ओढला गेलो तो माझ्या अक्षरामुळे. शेडगेंच्या वहीत काहीतरी लिहून देताना आण्णांनी माझं अक्षर पाहिलं आणि पुढच्या रविवारी मला इस्लामपूरच्या मैदानावर हजर व्हायला सांगितलं. संघाला धावलेखक नव्हता. "तुमी गणिताचं मास्तर. तुमाला मांडनी कळतीया." मी गेलो आणि मग सहा वर्षं जात राहिलो. प्रत्येक फलंदाजाचा एक चौकोन, कोण कुठं पोचला, कोण कसा बाद झाला, सगळं त्यात. क्षेत्ररक्षकाच्या हातून चूक झाली तर मी लाल शाईने छोटा गोल करायचो. तो माझाच शोध होता आणि मला त्याचा उगाच अभिमान होता. आण्णांच्या नावापुढे लाल गोल क्वचित यायचा. सामना संपला की ते वही बघायला यायचे आणि दुसऱ्यांचे गोल बघून म्हणायचे, "हे पोरगं अजून बॉलची वाट बगतंय."

रविवारची ती मैदानं मला एखाद्या जुन्या स्वप्नासारखी आठवतात. लाल धूळ उडालेली, उन्हं तिरपी झालेली, लांब कुठल्यातरी शेतात पाण्याची मोटर चालू, आणि त्या धुळीतून आण्णा पुढे वाकून येताहेत, गुडघे दुमडलेले, टाचा वर. चेंडू त्यांच्या हातात कधी आला आणि कधी पहिल्या बेसकडे गेला हे मला कधीच नीट दिसलं नाही. मी वहीत मात्र बरोबर लिहायचो.

आता त्यांच्या पायाबद्दल सांगायला हवं. वीस वर्षं ड्रायव्हरकी केलेल्या माणसाचा उजवा पाय त्याचा स्वतःचा राहत नाही. कंडक्टरची एक बेल म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. आण्णांच्या पायाला एक बेल ऐकण्याची अशी काही सवय जडली होती की कुठंही एक टोला पडला की पाय आपोआप जमिनीत दाबला जायचा. आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाला त्यांना बोलावलं होतं. शिपायाने घंटेचा एक टोल दिला, तर व्यासपीठाकडे निघालेले आण्णा चालता चालता जागच्या जागी थांबले. संघातली मंडळी तेवढ्यावरून त्यांना छळायची. कुणीतरी सायकलची घंटी वाजवायचं आणि ओरडायचं, "आण्णा, ब्रेक!" आण्णा स्वतःच हसायचे. "घरात पूजंची घंटा न्हाई म्हणून बरं हाय, न्हाईतर जेवान व्हायचं न्हाई माजं."

चौदा वर्षं ते जिल्ह्याकडून खेळले. दरवर्षी राज्याचा संघ निवडला जायचा, दरवर्षी यादीत शेवटी 'राखीव' म्हणून त्यांचं नाव यायचं आणि राखीव माणसाला कुणी नेत नाही. त्यांनी कधी तक्रार केली नाही. पण एकदा, आष्ट्याच्या पुढे, धुक्यात गाडी हळू चालवत असताना ते आपणहून बोलले.

"मास्तर, एकदा त्यो शर्ट पायजे मला. छातीवर महाराष्ट्र लिवल्याला."

"मिळेल की."

"मिळाला की गावाला जानार. यष्टीतनं उतरायचं, आनि पारापासनं आमच्या घरापत्तूर चालत जायाचं. मदल्या रस्त्यानं. कुनाला काय बोलायचं न्हाई. नुसतं चालत जायाचं. मग ग्लोव्ह खुंटीला लावतो बगा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. काचेवर धुकं साचलं होतं आणि वायपर कुरकुरत होता. गावच्या पारावर कोण बसत असेल, आणि ज्यांनी त्यांना मार बसणाऱ्या जागेवर उभं केलं ते आता केवढे झाले असतील, याचा मी विचार करत राहिलो. इस्लामपूर आलं तेव्हा मला उतरावंसं वाटलं नाही.

त्या वर्षी राज्य स्पर्धा साताऱ्याला होती. आण्णांचे गुडघे बोलायला लागले होते आणि पुढच्या वर्षी आपण नसू हे त्यांना ठाऊक होतं. पण ते असे खेळले की तसं मी सहा वर्षांत पाहिलं नव्हतं. चार सामने झाले आणि वहीत त्यांच्यापुढे एकही लाल गोल नाही. निवड समितीतले एक गृहस्थ माझ्या टेबलापाशी आले, चष्मा वर करून वही चाळली आणि म्हणाले, "हा अंतिम सामना असाच गेला तर या माणसाला नाही कसं म्हणायचं?" मी हे आण्णांना सांगितलं. सांगायला नको होतं कदाचित. ते बराच वेळ ग्लोव्हला तेल चोळत बसले.

अंतिम सामना सांगली विरुद्ध सातारा, आणि सामन्याची अधिकृत वही माझ्याकडेच दिलेली. संयोजकांनी धावलेखकाच्या टेबलावर शाळेतली पितळी घंटा आणून ठेवली होती. एका बाजूचे तीन बाद झाले की मी एक टोल द्यायचा, म्हणजे लोकांना कळेल. सामन्याआधी आण्णा टेबलापाशी आले आणि घंटेकडे बघून हसले.

"मास्तर, हिला जरा जपून. माजा पाय माजं ऐकत न्हाई."

"काळजी करू नका," मी म्हणालो.

शेवटचा डाव. आमची एक धाव जास्त. साताऱ्याची बॅटिंग, दोन बाद, दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसवर त्यांची माणसं. एक बाद झाला की सांगली जिंकली. साताऱ्याच्या लोकांनी हलग्या आणल्या होत्या आणि त्या नुसत्या कडाडत होत्या. मी वहीत डोकं घालून बसलो होतो. आधीचा एक बाद मी गडबडीत दोन चौकोनांत मांडून बसलो होतो, हे मला कळलं नाही. मी वहीत मोजलं: एक, दोन, तीन. वर मान करून मैदानाकडे बघायचं सुचलं नाही. मास्तर ना मी. कागदावर तीन आहेत म्हणजे तीनच. मी टोल दिला.

त्याच क्षणी बॅटचा आवाज आला.

मी मान वर केली तेव्हा चेंडू जमिनीलगत त्या मोकळ्या जागेकडे निघाला होता आणि आण्णा त्याच्याकडे निघाले होते. नेहमीचाच चेंडू. असे शेकडो त्यांनी उचलले होते. आणि चालत्या गाडीला ब्रेक लागावा तसा त्यांचा उजवा पाय मातीत रुतला. डोळ्याचं पातं लवेपर्यंतच. तेवढ्यात चेंडू त्यांच्या डाव्या हाताजवळून मागच्या गवतात गेला. दोन माणसं धावत होमला आली. सातारा जिंकलं.

हलग्यांच्या त्या कल्लोळात घंटा दुसऱ्या कुणाच्याही कानावर पडली नव्हती. पंच मैदानाच्या पार पलीकडे होते. माझ्या मागे बसलेले लोक उभे राहून नाचत होते. निवड समितीतले ते गृहस्थ शेजाऱ्याला म्हणाले, "वय झालं हो. गुडघा बसला." मला उठून पंचांकडे जायला हवं होतं. चुकीची घंटा झाली, चेंडू रद्द धरा, एवढं सांगायला हवं होतं. फार तर चार लोक हसले असते, धावलेखक म्हणून माझं नाव गेलं असतं. मी भ्यालो. यापेक्षा वेगळा शब्द मला आजही सापडत नाही. माझा हात घंटेवर तसाच होता आणि तो मला उचलवेना.

आण्णा हळूहळू टेबलाकडे आले. धुळीने भुवया पांढऱ्या झालेल्या. त्यांनी माझ्याकडे पाणी मागितलं. मी तांब्या पुढे केला. उभ्या उभ्या, सावकाश, त्यांनी सगळा तांब्या संपवला. मध्ये एकदा घंटेकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. पंच वही मागायला येतच होते. मग आण्णांनी तांब्या टेबलावर ठेवला.

"लाल गोल करा, मास्तर. बॉल माजा हुता."

आणि मी केला. अगदी गोल, सुबक. पंचांनी वहीवर सही केली.

राज्याच्या संघात त्यांचं नाव आलं नाही. त्या वर्षी राखीवमध्येसुद्धा नव्हतं. सोमवारी मी मुद्दाम सातची गाडी चुकवायची असं ठरवलं होतं, पण पाय सवयीने स्टँडवर गेलेच. आण्णा नेहमीसारखे सीटवर होते. "बसा मास्तर, गादी नवी टाकलीया," म्हणाले. बॉनेटवर खरंच नवीन निळी गादी होती. आष्टा आलं, गेलं. मी डोळे मिटून बसलो, पण त्या गाडीत ती जुनी पेंग पुन्हा कधी आली नाही. त्यांनी सामन्याचा विषय काढला नाही, मीही नाही. वर्षाच्या आत त्यांनी बदली मागून घेतली, पाटण डेपोला. माझ्यामुळे मागितली की गुडघ्यांमुळे, हे विचारण्याचं धाडस मला झालं नाही. मैदानावर जाणं मीही सोडून दिलं.

दोनेक वर्षांनी एका लग्नासाठी मी पाटणला गेलो. लग्न निमित्तच होतं. आमंत्रण नसतं तरी गेलो असतो बहुतेक. दुपारी स्टँडवर आण्णा सापडले. कॅन्टीनमध्ये बसून चहा पीत होते. केस पांढरे झाले होते, मिशी तशीच. मला बघून उठून उभे राहिले, आणखी एक चहा सांगितला, घरच्यांची चौकशी केली, शेडगे कसे आहेत विचारलं. मी सगळी उत्तरं दिली आणि मग एका दमात बोलून टाकलं.

"आण्णा, साताऱ्याच्या सामन्यात ती घंटा मी वाजवली होती. चुकून. पण वाजवली होती."

"ठावं हाय की."

"तुम्हाला माहीत होतं?"

"आवं, ऐकली म्हणून तर थांबलो."

"मग पंचांना का नाही सांगितलंत?"

"वाजवली तुमी," आण्णा म्हणाले. "ते मी कसं सांगायचं?" त्यांनी चहाचा घोट घेतला. आवाजात राग नव्हता. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. "टेबलापाशी आलो हुतो की मी. पानी मागितलं. तवा मला तान न्हवती, मास्तर. म्हटलं, जरा येळ देऊ. मास्तर बोलतील."

कॅन्टीनवाल्या पोऱ्याने रिकामे कप उचलले. मी कसंबसं विचारलं, "गावाला गेला होतात का?"

"जातो की. आई हाय तितं. मागच्या पांदीनं, रानातल्या वाटंनं जातो, जवळ पडतंय."

कंडक्टरने बाहेरून हाक मारली. कोयनेकडे जायची गाडी होती. आण्णांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, क्षणभर, वाकड्या करंगळीसकट, आणि लंगडत निघाले. मी स्टँडच्या दारापर्यंत गेलो. डोंगरावर ऊन-सावली चालली होती. गाडी माझ्या समोरूनच वळली आणि काचेतून त्यांनी मला पाहिलं, हे मला नक्की दिसलं.

मी हात वर केला. वळण अवघड होतं. त्यांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते.